बिनक्लचची पेटी

कान इकडं करा जरा. बोलतेय ती गाडी नव्हे. गाडीचं सगळेच ऐकतात. तिला रंग आहे, चकचकीत पट्ट्या आहेत, तिचा फोटो काढायला लोक रस्त्यात थांबतात. बोलतेय ती तिच्या पोटाखालची गिअरची पेटी. माझा फोटो कोणी काढत नाही. पण मी नसले तर ती बया जागची हलत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि मी साधी पेटी नाही. मी ऑटोमॅटिक. साध्या पेटीला माणसानं डाव्या पायानं क्लच दाबून, हातानं दांडा ओढून सांगावं लागतं, आता पहिला गिअर घे, आता दुसरा घे. मला कोणी सांगायचं नाही. एकदा दांडा पुढं जायच्या खुणेवर ठेवला की बाकीचं माझं मी बघते. माझ्या गाडीत दोनच पायडल. रेस आणि ब्रेक. दोन्ही उजव्या पायाचे. डाव्या पायाला काम नाही. माझं सगळं आयुष्य याच एका गोष्टीवर उभं आहे.

जन्मले सातासमुद्रापार, बर्फाच्या मुलखात. कोणी घडवली ते ठाऊक नाही. कवच ओतलं, आत दात्यांची चाकं, चकत्या, पट्टे बसवले आणि तेल भरलं. लाल तेल. मी तेलावर जगते. इंजिन सुरू असेल तोवर माझा पंप ते तेल सगळ्या अंगात खेळवतो. इंजिन बंद, की पंप बंद, की मी कोरडी. इतकं सोपं आहे. पण इतकं सोपंही कोणाला कळलं नाही, आणि त्यापायी माझी आतडी जळली. सांगते.

मद्रासच्या बंदरात उतरले तेव्हा एका परदेशी इंजिनिअरची होते. तो परत गेला आणि मला एका डॉक्टरानं घेतलं. डॉक्टराचा उजवा पाय शहाणा, डावा वेडा. सवय साध्या गाडीची. चौक आला की डावा पाय क्लच शोधायचा. क्लच नसायचा, मग तो ब्रेकवर पडायचा आणि ब्रेकच क्लचसारखा दाबायचा, पार तळापर्यंत. मागं बसलेल्या बायकोचं नाक पुढच्या सीटवर आपटायचं. "ही गाडी नव्हे, वैरीण आहे," म्हणून त्यानं विकायला काढली. दोष पायाचा, नाव माझं.

मला घेतलं तंजावरच्या शेषगिरीरावांनी. मराठी घर, पण कैक पिढ्या इथलंच. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही एकदम. पापनाशमच्या अलीकडं, रूळ ओलांडला की त्यांची नारळाची बाग. लोकांना वाटलं, गाडी मिरवायला घेतली. मिरवायला नव्हती. बायकोसाठी घेतली होती.

बायको चंद्रमती. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर पडली आणि डावा गुडघा मोडला. हाडवैद्यानं बांधला, तो तसाच जुळला. तेव्हापासून तो पाय वाकत नाही. काठीसारखा सरळ. बसमधे बसली तर पाय वाटेत. अडखळणारा स्वतः बघून चालत नाही आणि वर हिलाच बोलतो. ऑटोत बसली तर पाय बाहेर. स्कूटरवर मागं बसली तर अर्धा रस्ता हिच्या पायाचा. पण माझ्या गाडीत पुढची सीट एकसलग, बाकड्यासारखी, आणि समोर पाय ठेवायला ही ऐसपैस जागा. चंद्रमती स्टिअरिंगमागं जराशी तिरकी बसायची आणि डावा पाय शेजाऱ्याच्या जागेत पसरून द्यायची. मधे जमिनीला उंचवटा आहे, त्याच्या खाली मी. तिची टाच बरोबर माझ्या डोक्यावर.

शेषगिरीरावांनी तिला तिरुवैयारूला, कावेरीकाठच्या रस्त्यावर शिकवलं. ते मागच्या सीटवर बसायचे, कारण पुढं पायाला जागा दिलेली. घाटावरची माणसं बघायला यायची. "लंगडीच्या हातात जहाज दिलंय," असं एक जण म्हणाला. चंद्रमतीनं गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाली, "जहाज आहे ना? मग तू पाण्यात उतर, म्हणजे तुझ्या अंगावरूनच नेते." शेषगिरीराव मागं बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर ती थांबली नाही. मुलाला शाळेत सोडलं, सासूला दवाखान्यात नेलं, आणि नारळ उतरवायचा दिवस असला की सगळ्यांच्या आधी बागेत हजर. बाग तिला तळहातासारखी ठाऊक. कुठल्या झाडाला भुंगा लागलाय ते गाडीतूनच सांगायची. शेषगिरीराव वारले तेव्हा घरात रडारड चाललेली, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ही माझ्या दांड्यावर हात ठेवून बागेत निघाली. बायकांनी नावं ठेवली. ठेवू देत. वाटेत ती रडली, एवढं मला माहीत आहे. गाडीत रडली, घरात नाही.

मग आलं ओरत्तनाडूचं लग्न.

शेषगिरीरावांचे धाकटे भाऊ बाळकृष्णराव. त्यांच्या मुलीचं, सौम्याचं लग्न. नवरा-नवरीला जुन्या मोठ्या गाडीतून मिरवायचं म्हणून मला नेलं. चालवायला बाळकृष्णराव. मिरवणूक झाली, आणि फोटोत छान दिसतं म्हणून गाडीचे दिवे संध्याकाळभर चालू ठेवले. बॅटरी मेली. आता आपल्याकडं गाडी बंद पडली की काय करतात? ढकलतात. अख्खा मांडव उठला. नवऱ्याचे मित्र, आचारी, नादस्वरवाले, सगळे. "तळ्ळु, तळ्ळु!" म्हणत त्यांनी मला गावभर ढकललं. मी ढकलून सुरू होत नाही. ती खोड साध्या पेटीची. मी आतून ओरडत होते, ऐकतो कोण?

शेवटी बाळकृष्णराव म्हणाले, "न्यूट्रलला टाका आणि बांधा ट्रॅक्टरला."

बांधलं. ओरत्तनाडूपासून तंजावरपर्यंत. चाकं फिरत होती, चाकांबरोबर माझे दाते फिरत होते, आणि इंजिन बंद म्हणून तेलाचा थेंब वर येत नव्हता. कोरडं लोखंड लोखंडावर. चंद्रमती तेव्हा वऱ्हाडाच्या व्हॅनमधे होती, पाय तीन बायकांच्या मांडीवर ठेवून. तिला माहीत असतं तर तिनं ट्रॅक्टरपुढं आडवा पाय घातला असता. पण तिलाही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. वाईट कोणीच केलं नाही हो, सगळ्यांनी मदतच केली. मी मेले ती मदतीनं.

मग शेड. ताडपत्री. उंदरांनी वायरी खाल्ल्या, माझे रबरी सील सुकून तडकले. मला सगळ्यात छळलं ते बसणं. फिरायला घडवलेल्याला बसवून ठेवलं की काय होतं ते तुम्हाला काय सांगू. घरासमोरून बस गेली की जमीन थरथरायची, तेवढीच माझी हालचाल. चंद्रमती काठी टेकत कधीमधी शेडच्या दारापर्यंत यायची, ताडपत्री वर करून बघायची आणि जायची. बागेत जाणं तिचं बंदच झालं. बाग आता बाळकृष्णराव बघत. संध्याकाळी येऊन सांगत, "वैनी, सगळं ठीक आहे."

अशी वर्षं गेली. मग तिचा मुलगा प्रवीणकुमार चेन्नईहून आला. कारखान्यात यंत्रांची चित्रं काढायची नोकरी, हौस जुन्या गाड्यांची. म्हणाला, "आई, तुझ्यासाठी गाडी पुन्हा उभी करतो. पण मधे बघायला यायचं नाही. पुरी झाली की दाखवीन." चंद्रमतीचा चेहरा असा उजळला की मला शेडमधून दिसला.

गाडी गेली तंजावरातच, करंतैला, शिवकुमारच्या वर्कशॉपमधे. शिवकुमार पन्नाशीचा, लॉरीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं उघडणारा माणूस. पण मला बघून दोन पावलं मागं सरला. "सार, ही नको. अशी पेटी एकदा उघडली होती मी. उघडली ती बंदच झाली नाही. अर्धे तुकडे अजून बिस्किटाच्या डब्यात आहेत." मग दोघांचं ठरलं. मला काढायचं, साधी चार गिअरची पेटी घालायची, क्लच बसवायचा. कुठंही दुरुस्त होईल. मला सोडवलं, साखळीनं खाली उतरवलं, आणि दाराशी गोणपाटावर टाकलं. नवी पेटी लाकडी खोक्यात येऊन बसली होती. गाडीत तिसरा पायडल लागला.

तो दिवस खंडेनवमीचा. इथले लोक आयुधपूजा म्हणतात. वर्कशॉप धुतलेलं, दाराला केळीचे खुंट, पाटावर पाने-पकडी, जॅक, वेल्डिंगचं यंत्र, सगळं घासूनपुसून मांडलेलं. शिवकुमारची बायको भुवना चंदन उगाळत होती. पूजेला म्हणून तिनंच चंद्रमतीला बोलावलं. तिला बिचारीला काय ठाऊक, आईला अजून दाखवायचं नाही म्हणून.

ऑटो थांबली. आधी पाय उतरला, मग काठी, मग चंद्रमती. बरोबर बाळकृष्णराव, नारळाची पिशवी घेऊन. प्रवीण गडबडला, पण हसत पुढं झाला. गाडी खरोखरच सुंदर झाली होती. चंद्रमतीनं दार उघडलं, सीटवर हात फिरवला, आणि खाली वाकून बघितलं.

"प्रवीण, हा तिसरा कोणाचा?"

"क्लच आहे, आई."

"दिसतंय मला. कोणाचा, म्हणतेय."

"जुनी पेटी जळलीय. तिला हात लावणारा गावात कोणी नाही. तू कापड बघ ना, मोरपंखी, तुझ्या आवडीचं. मागं बस, राणीसारखी. मी नेईन तुला. मी नसलो तर ड्रायव्हर ठेवू."

"राण्या तंजावरच्या राजवाड्यात तसबिरीतून भिंतीवर टांगल्यात. मला टांगायचं असलं तर मरेपर्यंत दम धर."

"अय्यो अम्मा! सणाच्या दिवशी काय बोलता!" भुवना कळवळली.

बाळकृष्णराव मधे पडले. "वैनी, या वयात चालवून कुठं जायचंय तुम्हाला? बागेचं मी बघतोच की. सगळं ठीक आहे."

"ठीक आहे ते मला बघायचंय, भावजी. तुम्ही सांगता, मी ऐकते. माझी झाडं मला कानानं बघावी लागतात."

प्रवीणचा आवाज चढला. "मग नवी छोटी ऑटोमॅटिक घेऊ. आजकाल ढिगानं मिळतात."

"शोरूममधे बसून आलेय मी. तुला सांगितलं नाही. पाय आत घेतला तर स्टिअरिंग फिरत नाही, बाहेर काढला तर दार लागत नाही. तो विकणारा पोरगा म्हणतो, मॅडम, पाय थोडा फोल्ड करा. म्हटलं, तुझी गाडी कर फोल्ड."

प्रवीणनं मान खाली घातली. "आई, मी तुझ्यासाठीच केलं सगळं."

"माहीत आहे रे. म्हणूनच बोलता येत नाही धड."

मग तिची नजर माझ्यावर पडली. गोणपाटावर, तेलकट, उंदरांच्या लेंड्या चिकटलेली. काठी टेकत जवळ आली. "ही का ती? इतकी वर्षं टाचेखाली होती, तोंड आज बघतेय. हिचं काय करणार?"

शिवकुमार पुटपुटला, "भंगारवाला येतोय अम्मा, आत्ता जेवणाआधी."

मला वाटलं, आता ती काठी उगारेल. तिनं नाही उगारली. भुवनाकडं वळून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पूजेत सगळं बसवलंस ना? मग ही कशी राहिली?"

"ती जाणार आहे म्हणून, अम्मा..."

"जाणारीला शेवटचं कुंकू लावत नाहीत का?"

भुवनाचे डोळे भरले. साधी बाई. तिनं नवऱ्याला खूण केली. शिवकुमार आणि प्रवीण, दोघांनी मिळून मला उचललं आणि पाटावर ठेवलं, पान्यांच्या शेजारी. फडक्यानं पुसलं. चंदन लावलं, वर कुंकू, वर शेवंतीचं फूल. कापूर पेटला. चुरमुरे आणि गूळ-डाळं वाटलं. कोहळा रस्त्यावर फुटला.

आता इथली रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर ऐका. या दिवशी जे पूजेत बसलं, ते दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईस्तोवर हलवायचं नाही. शिंपी कात्रीला हात लावत नाही, पोरं पुस्तक उघडत नाहीत. मोडलं तर सरस्वती रुसते.

भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मला बघितलं आणि चपला काढून उभा राहिला. "काय हे अण्णा? चंदन लागलंय! माझा तराजू घरी पूजेत बसलाय, आणि हिला उचलू? मी हिला उचलीन आणि देवी मला उचलेल." हातभर चुरमुरे तोंडात टाकून तो निघून गेला.

प्रवीण आईकडं बघत राहिला. "तू मुद्दाम केलंस."

"मग काय, चुकून?"

"एक दिवस मिळाला. उद्या काय करणार?"

"उद्याचं तोंड उद्या दिसेल," म्हणाली, आणि ऑटोत पाय ठेवायला जागा शोधू लागली.

तुम्हाला वाटेल, मला मान मिळाला, मी खूश झाले. अजिबात नाही. फुलं घालून बसवलं काय आणि गोणपाटावर टाकून बसवलं काय, बसवणं ते बसवणंच. चंदन सुकत होतं, खाज सुटत होती. मला कुंकू नको होतं. मला तेल हवं होतं.

विजयादशमीला सकाळी ती परत आली. हातात परात, परातीत तांदूळ. या दिवशी लहान मुलांना मांडीवर बसवून तांदळात पहिलं अक्षर गिरवायला लावतात. नवी विद्या सुरू करायचा दिवस. पुन्हा पूजा झाली, पाने-पकडी पाटावरून उचलल्या गेल्या. चंद्रमतीनं परात शिवकुमारपुढं सरकवली.

"बस, तंबी," म्हणाली, धाकट्या भावाला म्हणावं तसं.

"मी? मला कशाला अम्मा? माझी नात शाळेत जाते."

"ही पेटी येत नाही म्हणालास ना? मग आज शीक. आजच्या दिवशी विद्येला नको म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. म्हण नको, देवीसमोर म्हण."

शिवकुमारनं बायकोकडं बघितलं. भुवना गालात हसत म्हणाली, "बसा. केस पिकले म्हणून काय झालं?" बसला. चंद्रमतीनं त्याचं बोट धरून तांदळात गोल काढला, दात्याच्या चाकासारखा. मग प्रवीणला म्हणाली, "तू उभा का? यंत्रांची चित्रं काढतोस, हे यंत्र आतून पाहिलंयस कधी?"

"नाही."

"मग तूही बस."

दोघं बसले, एक पिकल्या केसांचा, एक टाय लावून नोकरी करणारा, आणि दोघांनाही सारखंच येत होतं. म्हणजे काहीच येत नव्हतं.

मला उघडलं. जळका वास सगळ्या वर्कशॉपभर. आत बघून शिवकुमारनं हातातला पाना खाली ठेवला. एवढे तुकडे, कुठला कुठून आला कळायचं कसं? बिस्किटाचा डबा त्याच्या डोळ्यांपुढं आला असणार. चंद्रमती स्टुलावर पाय पसरून बसली होती. तिनं भुवनाला केळीची पानं आणायला लावली. "पानावर वाढताना मीठ कुठं, लोणचं कुठं, कोशिंबीर कुठं, ठरलेलं असतं की नाही? डोळे मिटून हात जातो. तसं मांडा. आधी निघालं ते मिठाच्या जागी, मग पुढं. एक पान भरलं की दुसरं. जोडताना शेवटच्या पानापासून उलटं या."

तसंच केलं. पानं जमिनीवर ओळीनं, पंगत बसल्यासारखी, आणि प्रत्येक पानावर माझी आतडी वाढलेली. प्रवीण फोनवर प्रत्येक पानाचा फोटो काढत होता. शिवकुमार मधेच म्हणाला, "सार, हे रसमच्या जागी की पायसमच्या?" आणि दोघं हसत सुटले. पहिल्यांदाच.

प्रवीणनं रजा वाढवली, मग आठवड्याला येऊ लागला. माझ्या जळक्या चकत्या गेल्या, नव्या आल्या, जास्त पकडणाऱ्या. पट्टा नवा, सील नवे. तेलाला वाटा दाखवणाऱ्या पाटीत स्प्रिंग बदलल्या, म्हणजे गिअर लोळत बदलायचा नाही, झटक्यात बदलेल. इंजिनाचा जोर माझ्यापर्यंत आणणारा पंख्याचा गोळा कोइंबतूरला गेला, कापून, धुऊन, परत जोडून आला. खाली तेलाचं पात्र पहिल्यापेक्षा खोल. आणि इथल्या उन्हासाठी तेल गार करायची वेगळी जाळी, गाडीच्या नाकाशी. जन्मले तेव्हा नव्हते इतकी मी धट्टीकट्टी झाले. सुधारणा म्हणतात ती ही.

एका रविवारी शिवकुमार जेवायला गेला असताना प्रवीण गाडीत डोकं खुपसून पडला आणि तिसरा पायडल सोडवून बाहेर काढला. लाकडी खोक्यातली पेटी परत गेली. मी आपल्या जागी चढले.

पहिल्या दिवशी सगळी गल्ली जमली. चार चाकांखाली चार लिंबं. बाळकृष्णरावही आले. चंद्रमती स्टिअरिंगमागं, पाय पसरून. किल्ली फिरली, इंजिन धडधडलं, दांडा पुढच्या खुणेवर. आणि मी हलले नाही.

इंजिन ओरडतंय, लिंबं तशीच. माझ्या जिवाची तगमग काय सांगू! मला तेल कमी पडत होतं. शिवकुमारनं सवयीप्रमाणं इंजिन बंद ठेवून कांडी बुडवून तेल मोजलं होतं. इंजिन सुरू झाल्यावर तेल अंगात जातं, मग खाली उरत नाही.

बाळकृष्णराव म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" आणि हात वर करून गल्लीला हाक दिली, "या रे, ढकला!" झालं. दहा हात डिकीवर.

"हात काढा!" चंद्रमती अशी ओरडली की विजेच्या तारेवरचे कावळे उडाले. "जो ढकलेल त्याला लिंबाच्या जागी ठेवीन!"

हात निघाले. प्रवीणनं फोन उघडला, वाचलं, कपाळावर हात मारला. "अण्णा, इंजिन चालू ठेवून मोजायचं!" शिवकुमार नरसाळं घेऊन धावला. तेल आलं. गार, लाल, नवं. कोरड्या घशाला पाणी लागावं तसं. आणि मग मी पकडलं. चारही लिंबं फुटली.

प्रवीण धावत मागच्या दारातून आत शिरला. "आई, एक फेरी गल्लीत, बस. आज एवढंच."

"हो," म्हणाली ती, आणि गल्लीच्या तोंडाशी घराकडं न वळता मोठ्या रस्त्याला लागली.

"आई, कुठं?"

"माझ्या बागेत."

हे सगळं मी सांगतेय ते आत्ता, चालता चालता. दुसरा गिअर घेतला, तिसरा घेतला. नव्या चकत्या अजून दांडग्या आहेत, बदलताना हिसका बसतो. बसू दे. आता पापनाशमच्या अलीकडचं रेल्वे फाटक आलंय, आणि फाटक बंद आहे.

"आई, न्यूट्रलला टाक. पाय दुखेल," प्रवीण म्हणतोय.

"नको."

तिचा उजवा पाय ब्रेकवर आणि मी खालून रेटतेय. माझी जातच अशी. पुढच्या खुणेवर ठेवलं की ब्रेक दाबला तरी मी ओढतच राहते. साधी पेटी क्लच दाबला की गप्प उभी राहते. मला ते येत नाही.

रुळांपलीकडं बाग दिसतेय. झावळ्यांची सलग हिरवी भिंत असायची ती. आज मधे भगदाड आहे. तिथं नुसतं आभाळ.

प्रवीण पुढं वाकला. "आई, तिथली झाडं कुठं गेली?"

ती बोटानं रिकाम्या जागा मोजतेय.

"काका तर म्हणत होते, सगळं ठीक आहे," तो हळूच म्हणाला.

"भावजींनी विचारलं होतं ना, या वयात चालवून कुठं जायचंय? बघ."

ऐकताय ना तुम्ही? जुनी गाडी नवी करायला घ्याल तेव्हा रंग विचारा, कापड विचारा, पण सगळ्यात आधी हे विचारा की ती चालवणार कोण आहे. आणि जी चालवते तिला, प्रेमानं का होईना, मागच्या सीटवर बसवू नका. ती बसली की मागं काय काय तोडलं जातं, ते तिला सांगायला कोणी येत नाही. एवढंच सांगायचं होतं. आता मला वेळ नाही.

आगगाडी धडधडत गेली. शेवटचा डबा गेला. फाटकाची दांडी वर चाललीय. चंद्रमती, पाय उचल.